टाकळ्याचं बी

आमच्या घरात दोन सहाणा होत्या. एक देवघरातली, गंधाची. दुसरी मागच्या पडवीत न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी असायची, मधोमध खळगा पडलेली, कडेला टवका उडालेली. तिच्यावर उगाळलेलं काहीही पोटात जायचं नाही, हा आजीचा नियम. ती लावायच्या औषधांची सहाण. आम्ही मुलं तिला हातसुद्धा लावत नसू.

मी नऊ वर्षांची असेन. श्रावणातले दिवस होते. परकराची नाडी जिथे बसते तिथे, कमरेच्या उजव्या अंगाला, गोल चट्टा उठला होता. आधी पावलीएवढा होता, तो आठवड्यात रुपयाएवढा झाला. शाळेत बाकावर बसल्या बसल्या हात आपोआप तिकडे जायचा. आजीने मला चुलीपुढे बसवलं, कंदील जवळ ओढला आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिली. मग म्हणाली, "गजकर्ण." मला वाटलं ती मला रागावेल. पण ती उठून फडताळातला पत्र्याचा डबा घेऊन आली.

डब्यात टाकळ्याचं बी होतं. ते बी ज्यांनी हातात घेतलंय त्यांना ठाऊक असेल, मेथीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, तिरक्या चौकोनी आकाराचं, हिरवट तपकिरी, आणि पॉलिश केल्यासारखं चकचकीत. दाताखाली घेतलं तर दात हलेल इतकं टणक. दिवाळीनंतर टाकळा सुकतो, त्याच्या बारीक लांब शेंगा तडकायला लागतात, तेव्हा आजी सुपात झोडून हे बी काढून ठेवायची. ते रात्रभर लिंबाच्या रसात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी त्या पडवीतल्या सहाणेवर वाटलं. पिवळसर मातकट रंगाची, कडवट हिरवट वासाची चिकट गोळी झाली. चट्टा कोमट पाण्याने धुतला, पुसला, आणि मग मला नुसतीच चुलीपुढे बसवून ठेवलं. कातडी पार कोरडी झाल्याशिवाय तिने लेप लावला नाही.

लेप लावल्यावर मी उडालेच. ती म्हणाली, "वायच कळ काढ गो. झोंबतला, पण जातला."

झोंबलं, आणि गेलंही. पण एका दिवसात नाही. पहिल्या चारेक दिवसांत तर फरक दिसतच नव्हता. मग कडेचा उंचवटा बसत गेला, खाज कमी झाली, आणि दहीहंडीच्या सुमाराला तिथे फक्त तांबूस डाग उरला. मी म्हटलं, झालं आता. आजी म्हणाली, दिसेनासं झालं तरी अजून आठ दिवस लावायचं. तेवढ्या दिवसांत माझा पंचा वेगळा, माझे कपडे वेगळे. ते राखेच्या पाण्यात उकळायचे आणि पावसामुळे ऊन नसल्याने चुलीवरच्या दांडीवर वाळत घालायचे. माझ्या सगळ्या परकरांना धुराचा वास यायचा. त्या वासाची मला शाळेत लाज वाटायची, म्हणून ते इतकं पक्कं लक्षात राहिलंय.

आज माझं औषधांचं दुकान आहे, ठाण्याच्या पुढे. बावीस वर्षं झाली काउंटरमागे उभी आहे. गेल्या दहाबारा वर्षांत पावसाळा सुरू झाला की माझ्या दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य सर्दीतापाचं नसतं. ते असतं, "मॅडम, खाजेची ट्यूब द्या." त्यातही बहुतेकांना एक ठरावीक ट्यूब हवी असते, जिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि कडक स्टिरॉइड अशी तीन-तीन औषधं एकत्र असतात. पिळून पिळून चपटी झालेली, शेपटीपर्यंत गुंडाळलेली जुनी ट्यूब माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "हीच. हिने दोन दिवसांत आराम पडतो."

दोन दिवसांत आराम पडतो हे अगदी खरं आहे, आणि घात तिथेच आहे.

गजकर्ण ही बुरशी आहे. ती आपल्या कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केराटिन खाते. नखं, केस, कातडीचा वरचा पापुद्रा, सगळं केराटिनचंच. एका जागचं खाऊन झालं की ती चहूकडे सरकते. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगरावरच्या गवताला वणवा लागतो, तेव्हा रात्री आग कडेकडेने पुढे जाताना दिसते आणि मधला भाग विझलेला, काळा असतो. गजकर्णाचा गोल तसाच. कडेला लाल, उंच, बारीक पुळ्यांची रांग आणि मध्ये बरी झाल्यासारखी दिसणारी कातडी. खाज आणि लाली ही बुरशी करत नाही, आपलं शरीर करतं. ते बुरशीशी झगडत असतं. स्टिरॉइड हा झगडाच बंद पाडतं. खाज थांबते, लाली जाते, माणसाला वाटतं बरं झालं. बुरशी मात्र आता निवांत पसरत असते. ट्यूब थांबवली की दुपटीने उठते, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांनी तो सुबक गोलही राहत नाही, कडा पुसट होतात, चट्टा मांडीभर, पोटभर जातो आणि डॉक्टरलाही ओळखायला कठीण होतो. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा रेषा उमटतात, त्या जन्मभर जात नाहीत. वीस वर्षांच्या मुलांच्या मांड्यांवर मी त्या पाहिल्या आहेत.

स्टिरॉइडची अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा निर्णय २०१८ साली सरकारने घेतला. मी त्याच्या आधी ती चिठ्ठीशिवाय दिलेली आहेत. गिऱ्हाईक रांगेत असायचं, मागचा माणूस घाई करत असायचा, आणि ट्यूब हाताच्या अंतरावर असायची. नऊ वर्षांच्या मला कंदिलाच्या उजेडात बराच वेळ बघत बसणारी आजी मला तेव्हा आठवली नाही. याची खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

टाकळ्याकडे मी पुन्हा वळले ती एका वेगळ्याच वाटेने.

फार्मसीला असताना फार्माकॉग्नोसीच्या, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांच्या अभ्यासाच्या तासाला क्रायसारोबिन या औषधाचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. खूप वर्षांनी एका जुन्या औषधकोशात ते ज्या पुडीतून काढतात तिचं नाव वाचलं, 'गोवा पावडर', आणि मी चमकले. आमचं गाव सावंतवाडीच्या खाली, गोव्याच्या वेशीजवळ. आजीचं माहेर गोव्यातल्या पेडण्याकडचं. गोव्याच्या नावाचं औषध जगभरच्या औषधकोशांत आहे आणि आम्हाला त्याचा पत्ता नाही?

मग मी मिळेल ते वाचत गेले. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि गोव्याच्या बाजारात एक पिवळी-तपकिरी पूड महाग विकली जायची. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती गजकर्णावर लावायची. मुंबईतल्या केम्प नावाच्या औषधविक्रेत्याने १८६४ साली तिच्याकडे युरोपी वैद्यकाचं लक्ष वेधलं. गोव्याहून येते म्हणून तिला गोव्याची पूड म्हणत, पण ती मुळात कुठल्या झाडाची हे कोणाला ठाऊक नव्हतं. उत्तर आलं ते समुद्रापलीकडून. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातले डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी १८७०च्या दशकात सांगितलं, की ही तर आमच्याकडची अरारोबा. बाहियाच्या जंगलात अरारोबाची मोठी झाडं असतात. जुन्या झाडाच्या गाभ्यात, भेगांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये ही पूड साठते. झाड पाडून, ओंडके चिरून ती खरवडून काढावी लागते. ताजी असते तेव्हा फिकट पिवळी, हवा लागली की काळवंडत जाणारी. ती काढणाऱ्यांचे डोळे आणि चेहरे सुजून जात, इतकी ती जहाल.

पोर्तुगीज गलबतांनी ब्राझीलचा काजू गोव्यात आणला, अननस आणला. त्याच गलबतांतून ही पूडही येत राहिली आणि इथे तिला गोव्याचं नाव चिकटलं. पुढे लंडनच्या बालमानो स्क्वायर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने ती सोरायसिस या कातडीच्या जुनाट रोगावर वापरून पाहिली आणि तिथे ती लागू पडली. मग तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं गेलं, तेच क्रायसारोबिन. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत त्याचा तुटवडा झाला, तेव्हा १९१६ साली बायरने त्याच्यासारखाच एक रेणू प्रयोगशाळेत बनवला, डिथ्रॅनॉल. सोरायसिससाठी तो आजही औषधकोशात आहे. तो कपड्यांना आणि कातडीला डाग पाडतो, आजूबाजूच्या चांगल्या कातडीला भाजतो. हे सगळे गुण त्या मूळ पुडीचेच.

इथवर वाचून मी सुखावले होते. पण खरी गोष्ट पुढे होती. १९७५ साली भारतीय संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतलं बुरशी मारणारं मुख्य द्रव्य शोधून काढलं. त्याचं नाव क्रायसोफॅनिक अॅसिड अँथ्रोन. आणि क्रायसारोबिन म्हणतात ते प्रामुख्याने हेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ब्राझीलमधलं जुनं, मोठं झाड पाडून, खरवडून, अर्धी पृथ्वी ओलांडून जे द्रव्य गोव्याच्या बंदरात उतरत होतं, ते त्याच बंदराच्या रस्त्यावर, पायाखाली, दर पावसाळ्यात फुकट उगवत होतं. आणि ते तसं आहे हे इथल्या लोकांना हजारभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात. चक्र म्हणजे तो गोल चट्टा, त्याला चिरडणारा तो चक्रमर्द. दुसरं नाव दद्रुघ्न, दद्रूचा नाश करणारा. दद्रू म्हणजेच आपली दाद. वनस्पतीच्या नावातच तिचा रोग आणि तिचं काम, दोन्ही लिहून ठेवलंय.

आणखी एक बारकावा. हे अँथ्रोन हवेतल्या ऑक्सिजनने लवकर बिघडतं. म्हणून त्या १९७५च्या प्रयोगात बुरशीवर त्याची ताकद तपासताना, ते टिकावं म्हणून सोबत क जीवनसत्त्व घातलं होतं. हे वाचलं तेव्हा मला ती वाटी दिसली, लिंबाच्या रसात बुडालेलं बी असलेली. आजीला ऑक्सिजन माहीत होता असं मी म्हणणार नाही. लिंबामुळे कातडी आंबट होते, त्याचाही उपयोग होत असेल. पण पाण्यात नाही, लिंबात भिजवायचं, वाटल्याबरोबर लावायचं, उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही, हे कोणीतरी कधीतरी पारखून ठरवलेलं होतं. तो क्रम बदलला की आजी चिडायची.

सगळ्याच झाडपाल्याबद्दल मी इतक्या खात्रीने बोलू शकणार नाही. कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ घालतात, त्याचा बुरशीवर थोडाफार परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, पण नुसत्या त्या पाण्याने जुनाट नायटा गेलेला मी पाहिलेला नाही. करंजेल आणि उंडेल आमच्याकडे पायांच्या भेगांपासून गुरांच्या जखमांपर्यंत सगळ्याला लावत. गजकर्णी नावाचं एक लहानसं झुडूप आहे, पांढऱ्या नाजूक फुलांचं. त्याच्या मुळांत आणि पानांत बुरशीला मारणारी द्रव्यं सापडलेली आहेत, आणि थायलंडमध्येही लोक ते याच रोगावर वापरतात. दादमर्दन म्हणून पिवळ्या मेणबत्त्यांसारख्या तुऱ्यांचं झाड बागांतून दिसतं, ते टाकळ्याच्याच गोतावळ्यातलं. फिलिपिन्समध्ये त्याला आकापुल्को म्हणतात आणि तिथल्या सरकारने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत ते आहे. लसूण मात्र कृपा करून ठेचून बांधू नका. कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात. मी असे हात-पाय पाहिलेत. बिब्ब्याचंही तसंच. बिब्बा उतला की मूळ दुखणं परवडलं म्हणायची वेळ येते.

मेंदीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ती माझ्या आईची.

आई लावणीला जायची. जुलैचा पाऊस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात उभं राहून तरवा लावायचा. आठवड्याभरात सगळ्याच बायकांच्या पायांना चिखल्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्यातलं कातडं पांढरं पडतं, भिजल्या कागदासारखं सुटतं, खाली लाल मांस दिसतं. आग अशी, की घरी आल्यावर पायांवर पाणी घेताना आई ओठ आवळायची. रात्री जेवणं झाली की कुंपणाच्या मेंदीचा पाला पाट्यावर वाटून ती बेचक्यात भरायची आणि पाय उंबऱ्यावर टेकवून, कंदिलाकडे तळवे करून बसायची. सकाळी धुतलं की बेचक्यातून केशरी रंग. लावणी संपेपर्यंत तिच्या पायांची बोटं नवरीसारखी रंगलेली असायची. तेव्हा मला ते सणासुदीचं वाटे.

मेंदीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो ते लॉसोन. ते कातडीच्या केराटिनला जाऊन चिकटतं, म्हणून रंग इतके दिवस टिकतो. बुरशी राहते आणि खाते ते हेच केराटिन. आणि लॉसोनमध्ये बुरशीला रोखण्याचा गुण आहे, हेही तपासलेलं आहे. म्हणजे रंग जिथे चढतो तिथेच औषधही जाऊन बसतं. चिखल्यांत नुसती बुरशी नसते, जंतूही असतात, कातडी कुजलेली असते, त्यामुळे मेंदीने सगळं होतं असं नाही. पण लेप वाळतो तसं ते बेचकं कोरडं होतं, बोटं एकमेकांपासून सुटी राहतात, बाईला रात्रभर पाय पसरून बसायला कारण मिळतं. (बाजारातल्या काळ्या मेंदीला हे काहीही लागू नाही. तिच्यातल्या रंगाने कातडी भाजते.)

हे सगळं मनात पक्कं झालं होतं, अभिमानही वाटत होता, आणि त्याच अभिमानापोटी माझ्या हातून एक चूक झाली.

माझी वहिनी डोंबिवलीला असते. नोकरी करते, रोज लोकलने ये-जा. तिला परकराच्या नाडीखालीच, अगदी माझ्या जागी, गजकर्ण झालं. लाज वाटली म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. घराजवळच्या दुकानातून ट्यूब आणली. आठ महिने ट्यूब चालली. चट्टा कमरेभर पट्ट्यासारखा फिरला, मग भावाला झालं, मग भाचीला. त्यानंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वन्सं, आजींचं ते बी आहे ना हो तुमच्याकडे?"

माझ्याकडे होतं. आत्या दरवर्षी गावाहून पाठवते. मी कौतुकाने ते लिंबात भिजवलं, कसं लावायचं ते सांगितलं, आजीची गोष्टही सांगितली. तिसऱ्या रात्री भावाचा फोन आला. तिच्या कमरेला भाजल्यासारखे फोड आले होते, कपडा टेकवत नव्हता.

मी तिची कातडी नीट पाहिलीच नव्हती. तिने साडी सैल करून एका बाजूचं दाखवलं, आणि मी 'गजकर्ण' म्हणून मोकळी झाले. आठ महिन्यांच्या स्टिरॉइडने ती कातडी कांद्याच्या पातीच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. नऊ वर्षांच्या मुलीच्या धडधाकट कातडीला जो लेप झोंबून बरा करत होता, त्याने ही कातडी जाळली. त्यात दोष टाकळ्याचा नव्हता.

आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या बाईंनी एकही शब्द न बोलता आधी सगळं पाहिलं, भिंग लावून, कडेकडेने. फोड बरे होईपर्यंत थांबल्या. मग बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा भुगा काचेच्या पट्टीवर खरवडून घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, आणि थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "तुम्ही औषधाच्या क्षेत्रातल्या ना, बघा." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फरशीच्या तुकड्यांसारख्या कातडीच्या पेशी, आणि त्यांच्यामधून वळणावळणाने गेलेले, फांद्या फुटलेले, काचेसारखे पारदर्शक धागे. बावीस वर्षं मी याची औषधं विकली. ती बुरशी मी पहिल्यांदा पाहत होते.

त्यांनी सांगितलेलं मला नवं होतं आणि काही अंशी भीतिदायकही. आता आपल्याकडे जी बुरशी फिरते आहे ती आजीच्या काळातली राहिलेली नाही. २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी भारतातल्या आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या कातडीतून घेतलेल्या बुरशीला वेगळी जात ठरवलं आणि नाव दिलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आहे. हिच्यातल्या पुष्कळ बुरशीत जनुकातला बदल झालेला असतो, त्यामुळे टर्बिनाफिन नावाचं जे औषध पूर्वी दोन-तीन आठवड्यांत काम करायचं, ते तिच्यावर लागू पडत नाही. ती न्यूयॉर्कमध्येही सापडल्याचं २०२३ साली जाहीर झालं. अर्धवट घेतलेल्या गोळ्या, अर्धवट लावलेली मलमं आणि त्यांच्यासोबत स्टिरॉइड, असं वर्षानुवर्षं चाललं, त्यात ती इथे फोफावली असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. चरकांनी दद्रूला क्षुद्र कुष्ठांत, म्हणजे कातडीच्या किरकोळ रोगांत ठेवलं आणि सुश्रुतांनी महाकुष्ठांत, म्हणजे मोठ्या रोगांत. माझ्या काउंटरसमोर येणारी माणसं पाहते तेव्हा मला सुश्रुतांचं म्हणणं पटतं.

वहिनीला पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, इट्राकोनॅझोलच्या, कित्येक आठवड्यांच्या. भावाला आणि भाचीलाही एकाच वेळी उपचार. आणि मग डॉक्टरबाईंनी कागद उलटा केला आणि मागे लिहायला घेतलं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात, उलटे करून वाळवायचे, ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची. परकराची नाडी रुंद, सुती, आणि तीही रोज धुतलेली. आंघोळीनंतर कातडी कोरडी झाल्याशिवाय कपडा नाही. चट्टा दिसेनासा झाला तरी औषध आणखी दोन आठवडे.

मी तो कागद वाचत होते आणि मला धुराचा वास येत होता.

टाकळ्याच्या बियांत जे होतं ते खरंच होतं. पण आजीच्या उपचारातला तो एक चतुर्थांश भाग असेल. बाकीचं चुलीपुढचं बसणं, वेगळा पंचा, राखेचं पाणी, दांडीवरचे कपडे, कंदिलाच्या उजेडात बघणं आणि आठ दिवस जास्तीचे. मी फक्त बी जपून ठेवलं होतं आणि बाकीचं विसरले होते. आम्ही दुकानदार फक्त ट्यूब देतो, तसंच.

आता माझ्या दुकानात मी एक स्टूल ठेवलंय, आत औषधांच्या कपाटामागे, पडदा लावून. कोणी खाजेची ट्यूब मागितली की मी त्याला तिथे बसवते आणि आधी विचारते, किती महिने, आधी काय लावलं, घरात अजून कोणाला आहे. बायकांना मीच पाहते. पुरुष लाजतात, त्यांना सांगते, हातावरचं तरी दाखवा. चट्टा नवा, लहान, मांडीवर किंवा दंडावर एकच असेल तर साधं बुरशीचं मलम, स्टिरॉइड नसलेलं, आणि टॉवेलचं व्याख्यान. पसरलेला असेल, पूर्वी ट्यूब लावलेली असेल, लहान मूल असेल, मधुमेह असेल, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखांत असेल, तर काहीही न देता डॉक्टरांकडे. काहीजण चिडून निघून जातात आणि पलीकडच्या दुकानात ट्यूब घेतात. मला कळतं. पण काही परतही येतात. एक रिक्षावाले काका आले होते, रेक्झिनच्या सीटवर दिवसभर बसून मांड्या सोललेल्या. त्यांना मी सीटवर जाड सुती पंचा टाकायला सांगितलं होतं, आणि तो रोज बदलायला. औषध डॉक्टरांचंच चालू होतं. परवा मुद्दाम रिक्षा थांबवून तो पंचा दाखवला. स्वच्छ, पांढरा, सीटच्या पाठीवर रबरबँडने बांधलेला.

टाकळ्याचा डबा दुकानात नाही, घरीच असतो. कोणाला लावायला देत नाही. पण झाड म्हणून त्याच्याबद्दलचं प्रेम तिळभर कमी झालेलं नाही. उलट मला वाटतं, आपल्याकडच्या एखाद्या प्रयोगशाळेने त्या १९७५च्या धाग्याचं टोक पुन्हा हातात घ्यावं. या नव्या, औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीवर टाकळ्याचं द्रव्य तपासावं, कातडी न भाजता ते लावता येईल असं रूप त्याला द्यावं. गोव्याच्या पुडीपासून डिथ्रॅनॉलपर्यंतचा रस्ता जर्मनीतून गेला. हा रस्ता सावंतवाडीहून निघायला काय हरकत आहे? बी तर आहेच, पोत्यांनी आहे.

वहिनीला पूर्ण बरं वाटायला जवळजवळ पाच महिने लागले. कमरेवर काळसर पट्टा अजून आहे, तो हळूहळू जाईल. यंदा जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आमच्या सोसायटीच्या भिंतीकडेला टाकळ्याची कोवळी रोपं उगवली, तीन-तीन जोड्यांची गोल पानं, संध्याकाळी मिटणारी. भिंतीपलीकडे गटार आहे, म्हणून ती मी तशीच ठेवली. त्याच आठवड्यात गावाहून येणाऱ्या एकाबरोबर आत्याने पिशवीभर पाला पाठवला, सोबत गेल्या हंगामातल्या फणसाच्या आठळ्या, मातीत ठेवलेल्या. मी वहिनीला फोन केला. तिने आधी काही म्हटलंच नाही. मग सावकाश विचारलं, "लावायला नाही ना?"

मी म्हटलं, "नाही गं. भाजी करायला. आठळ्या आधी शिजवून घे, ओलं खोबरं भरपूर घाल, आणि पाला धुतल्यावर पाणी चांगलं निथळू दे."